चौथ्या पेटीची वायर

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, आणि पुसताना दोन्ही वेळा आत्याच आठवली, कारण गोष्टच पुसण्याची आहे. आत्या म्हणाली होती, "लिही, पण माझी अब्रू सांभाळून." मी म्हटलं, अब्रू सांभाळली तर गोष्टच उरत नाही गं. मग ती म्हणाली, "बरं, सगळं लिही. पण काकांचंही लिही." म्हणून एका बैठकीत लिहून टाकते. वाचून बघायला थांबले तर परत पुसेन.

तर आत्या. एकाच संस्थेची चार हॉस्पिटलं आहेत, त्यांतल्या मोठ्या हॉस्पिटलात ती बावीस वर्षं कामाला आहे. लागली तेव्हा रेकॉर्डच्या खोलीत टायपिंग करायची. मग कॉम्प्युटर आले. जिला टायपिंग येतं तिला कॉम्प्युटरही येत असणार, असं कुणीतरी वर बसून ठरवलं आणि ते लोढणं आत्याच्या गळ्यात पडलं. आत्या पडली हट्टी. ओट्यावर जाडजूड पुस्तक उघडं ठेवून एका हाताने भाजी ढवळत ती शिकली. आमचे आतोबा म्हणायचे, "पुस्तकाला फोडणी बसली तरी चालेल, भाजीला व्याकरण लावू नकोस."

आता तिच्याकडे काय काम, तर यादी. चारही हॉस्पिटलांत मिळून कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्याचा पासवर्ड, त्याने काय बघायचं आणि काय नाही, हे सगळं एका यादीत असतं. नर्सने सकाळी नाव टाकलं की कॉम्प्युटर यादीला विचारतो, ही आपली का? यादी हो म्हणाली की औषधांचा तक्ता उघडतो. नाही म्हणाली की संपलं, मग बाई वीस वर्षं नोकरीत असो. या यादीची प्रत चारही हॉस्पिटलांत एकेका पेटीत ठेवलेली, म्हणजे सर्व्हरच, पण आत्या पेटीच म्हणते. चारही पेट्या मधूनमधून एकमेकींशी बोलून आपली यादी जुळवून घेतात.

मला तिने एकदा समजावलं होतं, "चार जावा समज. चार गावांत राहतात. एकीला काही सांगितलं की उरलेल्या तिघींना कळणारच. किती वेळात कळायचं आणि कोणत्या रस्त्याने, एवढंच माझ्या हातात."

"आणि एकीला खोटं सांगितलं तर?"

"तेही पोचतं. तितक्याच इमानाने."

तीन हॉस्पिटलं एकाच शहरात. चौथं डोंगरापलीकडे, गाडीने तीन तास, चाळीस खाटांचं. तिथे कॉम्प्युटरमधलं कळणारं कुणी नाही. तिथली पेटी आठ वर्षांपूर्वी बसवली ती जनरेटरकाकांनी. काका म्हणजे तिथे जनरेटर, पाण्याचा पंप, बल्ब, बिजागऱ्या, सगळं बघणारा एकच माणूस. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही. आत्या इकडून फोनवर सांगायची आणि ते तिकडे वायरी लावायचे. गोंधळ नको म्हणून तिने प्रत्येक वायरीला रंगीत चिकटपट्टी लावायला सांगितली होती. पेटीतून जी वायर बाहेरच्या जगाकडे जाते तिला लाल. तेव्हाच तिने त्यांना एक बजावून ठेवलं होतं, "काका, काहीही होवो, पेटीचा करंट काढायचा नाही. तो तिचा श्वास आहे."

तेव्हापासून रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन.

"दिवे बघितले का काका?"

"चार हिरवे, एक नारिंगी, ताई."

"छान. तब्येत?"

"दिव्यांपेक्षा बरी."

आठ वर्षं रोज हेच. दोघं तोवर एकदाही भेटलेले नव्हते. आत्याच्या घरी सगळ्यांना काकांचा आवाज माहीत. सुटीच्या दिवशीही फोन यायचा आणि आतोबा म्हणायचे, "घ्या, तुमच्या सासरचा फोन."

मार्चमध्ये काय झालं, चौथ्या हॉस्पिटलातून तक्रार आली. नवीन नर्सचं नाव इथे सकाळी यादीत घातलं की तिकडे पोचायला दुपार व्हायची, कारण पेट्या तीन-तीन तासांनी बोलायच्या. मोठ्या साहेबांनी सांगितलं, वेळ कमी करा. आत्याने आठवडाभर अभ्यास केला. तिच्या टेबलावर सरावासाठी एक वेगळा कॉम्प्युटर होता, त्यात यादीची दिसायला हुबेहूब नक्कल, फक्त नावं-पासवर्ड लुटूपुटूचे, काय मोडतोड करायची ती त्यात. तिथे सगळं करून बघितलं आणि एका मंगळवारी सकाळी अकराला खऱ्या पेट्यांवर नवीन वेळ लावली. शहरातल्या तिघी पाच-पाच मिनिटांनी बोलतील, चौथी दर पंधरा मिनिटांनी. एक नाव घालून बघितलं. पंधरा मिनिटांत डोंगरापलीकडे हजर. आत्याने स्वतःसाठी चहा मागवला.

आणि चहा पिता पिता ती सरावाचा पसारा आवरायला बसली.

समोर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक सरावाची आणि एक खरी. दोन्ही सारख्याच दिसायच्या, कारण नक्कल तिनेच हुबेहूब केलेली. त्यात "वॉर्ड" नावाचा गठ्ठा होता, डॉक्टर, नर्स, लॅबवाले, औषधवाले, सगळे मिळून सहाशे बारा माणसं. चुकून कुणी गठ्ठा पुसू नये म्हणून त्याला कुलूप असतं. ते तिने मागच्या आठवड्यात एका कामासाठी काढलं होतं आणि परत लावायचं राहिलं होतं. तिने गठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि पुसला. खरंच पुसू का, असं विचारलं कॉम्प्युटरने. तिने हो म्हटलं. तो रोजच विचारतो, ती रोजच हो म्हणते.

अकरा सत्तेचाळीस.

चार मिनिटांनी मेट्रनचा फोन. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसची मुख्य, आत्याची जुनी मैत्रीण, जिभेने तिखट. "अगं, तुझी यादी माझ्या पोरींना ओळखत नाही म्हणतेय. दोघींना आत घेईना. लग्नाच्या मांडवातून हाकलल्यासारख्या उभ्या आहेत."

आत्या म्हणाली, "पासवर्ड चुकला असेल." आणि म्हणता म्हणता तिचं लक्ष सरावाच्या खिडकीकडे गेलं. तिथे "वॉर्ड" होता. जागच्या जागी. सहाशे बारा.

ती सांगते, मला आधी काही वाटलंच नाही. फक्त कान बंद झाले. मेट्रन बोलत होती ते विहिरीतून आल्यासारखं येत होतं.

तिने पहिल्यांदा रोजची नक्कल उघडली. यादीची एक प्रत रोज आपोआप वेगळी काढून ठेवली जाते, समोर हिरवी खूण येते, काम झालं म्हणून. हिरवी खूण होती. आत फाईल रिकामी. कालची रिकामी, परवाची रिकामी. सहा महिन्यांपूर्वी नवीन डिस्क बसवली तेव्हापासूनच्या सगळ्या रिकाम्या, आणि जुनी डिस्क कधीच भंगारात गेलेली. सहा महिने ती रोज त्या हिरव्या खुणेकडे बघून मान डोलवत होती. उघडून एकदाही बघितलं नव्हतं.

मग तिने चौथ्या पेटीला इथूनच थांबवायचा हुकूम टाईप केला. कॉम्प्युटरने नाव विचारलं. तिने आपलं नाव टाकलं. उत्तर आलं, अशी कुणी व्यक्ती नाही.

कारण तिचं स्वतःचं नावही त्याच गठ्ठ्यात होतं. बसायची फांदी आपल्याच हाताने तोडली म्हणतात ना, तसं. आणीबाणीसाठीचं एक वेगळं नाव होतं, त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, पाकीट मोठ्या साहेबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांबरोबर दुसऱ्या हॉस्पिटलात मीटिंगला.

शहरातल्या तिन्ही पेट्यांना एव्हाना कळलं होतं. राहिली चौथी. ती शेवटचं बोलली होती अकरा शेहेचाळीसला, पुसायच्या एक मिनिट आधी. पुन्हा बोलणार बारा वाजून एक मिनिटाने. तोवर त्या एका पेटीत सहाशे बारा माणसं शाबूत होती, जगात फक्त तिथेच. ती गेली तर एकेक नाव, एकेक पासवर्ड, कोणी काय बघायचं, सगळं हाताने परत, किती दिवस कोण जाणे, आणि तोवर चार हॉस्पिटलांतल्या नर्सेसना कुणाला कोणतं औषध किती वाजता द्यायचंय ते दिसणार नाही.

जुनी वेळ असती तर हातात तीन तास असते. पंधरा मिनिटं तिनेच सकाळी केली होती.

"ऐक," तिने मेट्रनला सांगितलं, आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "ज्या आत आहेत त्यांना बाहेर पडू देऊ नको. कुणी कॉम्प्युटर बंद करायचा नाही. सगळीकडे सांग."

"काय केलंस तू?"

"नंतर सांगते."

"म्हणजे मोठंच केलंयस," मेट्रन म्हणाली आणि फोन ठेवला. दोन मिनिटांत स्पीकरवरून तिचा आवाज मजल्यामजल्यावर घुमायला लागला, कुणीही आपला कॉम्प्युटर बंद करू नये, जेवायला जाताना सुद्धा नाही, जाणारीने दुसरीला खुर्चीवर बसवून जावं.

अकरा त्रेपन्न. आत्याने काकांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, वाजत राहिला. मंगळवार होता, मंगळवारी या वेळेला काका जनरेटर चालवून बघतात, आठ वर्षं तिला हे पाठ. त्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. टेबलावरच्या घड्याळात सेकंदकाटा होता, तिने घड्याळ उलटं ठेवलं, मग परत सरळ केलं.

अकरा सत्तावन्नला काकांनी उचलला. "ताई? आज नऊ दहाला झालं की आपलं."

"काका, पेटीच्या खोलीत जा. पळत जा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. जिन्यावरच्या चपला ऐकू आल्या, धाप ऐकू आली, किल्ल्यांचा जुडगा, मग दार. बारा वाजायला एक मिनिट.

"आलो."

"लाल पट्टीची वायर आहे ना, ती उपटा. आत्ता."

तिकडे नुसत्या वायरी खुडबुडल्या.

"काका, लाल. पेटीच्या मागची."

"ताई," काका म्हणाले, आणि आठ वर्षांत न ऐकलेला आवाज होता तो, "लाल कुठली?"

"म्हणजे?"

"मला रंग कळत नाहीत हल्ली. वर्ष झालं. डोळ्यात सगळं दुधासारखं झालंय."

वर्ष. म्हणजे वर्षभर चार हिरवे, एक नारिंगी हे ते पाठ केलेलं म्हणत होते. आणि तीही, त्या हिरव्या खुणेसारखीच, मान डोलवत होती.

"काका, मग हाताने चाचपा, सगळ्यात..." ती म्हणायला लागली आणि तिला आठवेना लाल वायर कितवी ते. रंग तिच्या डोक्यात होता, जागा नव्हती. "काका, सगळ्यात वरची, नाही, थांबा..."

"एक मिनिट ताई," काका म्हणाले. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी आपटलं आणि फोन बंद पडला.

परत लावला. बंद. परत बंद.

बारा वाजून दोन मिनिटांनी तिने चौथ्या पेटीला हाक मारली, म्हणजे कॉम्प्युटरवरून एक साधा हुकूम असतो, आहेस का म्हणून विचारणारा. उत्तर नाही. चौथी पेटी गप्प होती. पण कधीपासून? बारा वाजता गप्प झाली, की बारा वाजून दीड मिनिटांनी, सगळं ऐकून घेऊन? आणि गप्प कशाने? काकांनी घाबरून करंटच खेचला असेल तर आठ वर्षांची जुनी पेटी, अशी बंद पडली तर उठेलच याचा भरवसा नाही.

त्या हॉस्पिटलातले टेबलावरचे फोनही त्याच तारेवर चालायचे, ते सगळे मेले होते. मेट्रनने तिथल्या एका नर्सचा मोबाईल नंबर शोधून दिला. नर्स म्हणाली, "इथे सगळं बंद पडलंय. आणि जनरेटरकाकांनी त्या खोलीला आतून कडी लावलीय. डॉक्टर दार ठोकतायत, वायरी परत लाव म्हणून ओरडतायत. काका आतून म्हणतात, ताई आल्याशिवाय उघडणार नाही. कोण ताई? तुम्हाला माहितीय का?"

"मीच," आत्या म्हणाली. "डॉक्टरांना म्हणावं, त्यांना हात लावू नका. मी येतेय."

मोठ्या साहेबांना तिने फोनवर सगळं खरं सांगितलं, एका दमात, कारण दुसरा दम उरला नसता. साहेब म्हणाले, "किती वाजेपर्यंत कळेल?" साडेतीन, ती म्हणाली. "मग साडेतीनपर्यंत मी काही बोलत नाही." आत्या म्हणते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

एक रिकामी अँब्युलन्स चौथ्या हॉस्पिटलला परत निघाली होती. आत्या डायरी छातीशी धरून पुढे बसली. ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मागे आडव्या व्हा हवं तर. तुमच्या तोंडाकडे बघून पेशंट तुम्हीच वाटता."

"लवकर चला दादा."

"सायरन लावू का?"

"नको. मला उलटी होईल."

तीन तास. दोन वाजता नर्सेसची पाळी बदलली, ती मेट्रनने कशी निभावली तो वेगळा अध्याय आहे. सकाळच्या पोरी उठल्या आणि दुपारच्या त्याच खुर्चीत, त्याच उघड्या पडद्यावर बसल्या. तिसऱ्या मजल्यावर एका डॉक्टरने सवयीने कॉम्प्युटर बंद केला आणि त्या वॉर्डात कागदावर लिहायची वेळ आली, कुणाला काय दिलं, काय द्यायचंय, आठवून आठवून. एका आजोबांना एकच गोळी दोनदा जाणार होती. नर्सने तोंडाजवळ नेली आणि आजोबाच म्हणाले, मघाशीच दिलीत की. मेट्रनने हे फोन करून सांगितलं. चिडून नाही, नुसतंच सांगितलं. आत्याने खिडकीची काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून बसली.

तिच्या डोक्यात एकच चालू होतं. ते दार उघडेल, मी माझं नाव टाकेन आणि पेटी म्हणेल, अशी कुणी व्यक्ती नाही.

पोचली तेव्हा तीन पस्तीस. पहिल्या मजल्यावर बोळात ही गर्दी. तिथले डॉक्टर लालबुंद. "तुम्हीच का त्या ताई? तीन तास झाले, हा माणूस..."

आत्याने दार वाजवलं.

"कोण?" आतून.

"मी."

"दुपारपासून सगळे मीच म्हणतायत."

तिने दाराला तोंड लावून विचारलं, "दिवे बघितले का काका?"

कडी निघाली.

खोली केवढी, तर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आवाजावरून तिला काका उंच, धिप्पाड वाटायचे. समोर एक वाळकं, छोटंसं म्हातारं माणूस, बादली उलटी करून त्यावर बसलेलं, मांडीवर वायरींचा हा गुंताडा. त्यांनी मान वर केली पण बघितलं तिच्या खांद्याच्या थोडं पलीकडे.

"कुठली लाल ते कळेना," काका म्हणाले. "म्हणून सगळ्याच काढल्या. अकरा आहेत. करंट नाही काढला. श्वास चालू आहे तिचा, ऐका."

पेटी घरघरत होती. आत्या म्हणते, मला रडू येईल वाटलं पण आलं नाही, भीतीने रडूसुद्धा अडकतं. "काका, वायरी काढल्या तेव्हा किती वाजले होते?"

"कुणाला माहीत ताई. मी काय घड्याळ बघत बसलो होतो? फोन पडला, तो शोधत बसलो नाही."

पेटीला जोडलेला एक जुना पडदा होता, तो तिने चालू केला. नाव विचारलं. तिने टाकलं. पासवर्ड टाकताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा एका बोटाने, एकेक अक्षर करत. मग पडद्यावर ते गोल गोल फिरत राहिलं. काका कान देऊन बसले होते, जणू ऐकूनच कळणार होतं.

उघडलं.

यादीत "वॉर्ड" होता. आत सहाशे बारा. तिने वरून खाली नावं सरकवत नेली, मेट्रन होती, त्या दोन पोरी होत्या, ती स्वतः होती. ती भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली.

"आहेत?" काकांनी विचारलं.

"आहेत."

"सगळे?"

"सगळे."

पण अजून संपलं नव्हतं, आणि ही खरी जिवावरची वेळ. आता वायरी परत लावायच्या. लावल्या की चौथी पेटी बोलायला लागणार, आणि बाकी तिघी तिला सांगणार, अगं, वॉर्ड पुसलाय. तिने ते ऐकलं तर एवढं सगळं पाण्यात. म्हणून वायरी लावायच्या आधी पेटीला एका खास पद्धतीने उठवून सांगावं लागतं की या गठ्ठ्यापुरतं तुझंच खरं, तू कुणाचं ऐकायचं नाहीस, बाकीच्यांनी तुझं ऐकायचं. हे आत्याने पुस्तकात वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं. डायरीत त्या पेटीचा वेगळा पासवर्ड होता आणि खाली चार ओळी, स्वतःच्याच अक्षरात, शाई फुटलेली. तिने एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि टाईप केली. काका प्रत्येक ओळीला "हं" म्हणत होते, काही कळत नसताना. ती म्हणते, त्या "हं"मुळे हात चालले.

मग काकांनी वायरी लावल्या. रंग दिसत नव्हते तरी भोकं बोटांना पाठ होती. लाल शेवटी, ती आत्याने हातात दिली.

"लावू?"

"थांबा." तिने डायरी परत वाचली. परत वाचली. "लावा."

आणि पुन्हा पंधरा मिनिटं. त्याच सकाळच्या पंधरा मिनिटांसारखी, फक्त उलटी. दोघं त्या खोलीत, एक बादलीवर, एक फरशीवर, आणि पडद्यावर सहाशे बारा हा आकडा. आता पुसला जाईल, आता जाईल. आत्याने पापणी लवू दिली नाही. काकांनी एकदा विचारलं, "आहेत का?" ती म्हणाली, "आहेत." दोन मिनिटांनी परत, "आहेत का?"

फोन वाजला. मेट्रन. "तुझ्या यादीला अक्कल आली गं. माझ्या पोरींना आत घेतलं." आणि मग हळू आवाजात, "जेवलीस का?"

परत जायला निघताना काकांनी आत्याचा हात धरला. "ताई, डोळ्यांचं कुणाला सांगू नका. काढून टाकतील मला."

ती हो म्हणाली. त्या क्षणी काहीही मागितलं असतं तरी हो म्हणाली असती.

अहवालात तिने स्वतःची चूक पूर्ण लिहिली, दोन खिडक्या, काढलेलं कुलूप, रिकाम्या नकला, सगळं. साहेबांनी आता नियम केला की काहीही पुसायचं तर दोन माणसांनी बघून पुसायचं. काकांबद्दल तिने लिहिलं की सांगितलं ते त्यांनी चोख केलं. डोळ्यांचा शब्द नाही. आणि घरी येऊन तिची झोप उडाली. ज्या माणसाला लाल-हिरवं कळत नाही तो चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात विजेची कामं करतो. हे फक्त तिला माहीत. म्हणजे आणखी एक खोटी हिरवी खूण, आणि या खेपेला तिने समजून उमजून लावलेली. चौथ्या दिवशी तिने काकांना फोनवर सांगितलं, "तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. मोतीबिंदू असेल तर निघतो. हॉस्पिटलात राहून डोळे लपवता?"

काका म्हणाले, "तुम्हीपण ना, ताई." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आत्या नऊ वाजल्यापासून फोन समोर ठेवून बसायची, आतोबा चेष्टा करायचे ते बंद झाले. सहाव्या दिवशी ते म्हणाले, "मीच करू का फोन, चार हिरवे एक नारिंगी?" आत्या हसली नाही. तिला वाटत होतं, आपण एक नाव पुसलं आणि ते परत कुठल्या पेटीत सापडणार नाही. अकरा दिवस.

बाराव्या दिवशी नऊ दहाला वाजला.

"ताई. सांगितलं मी डॉक्टरांना. मोतीबिंदूच आहे म्हणतात. काढून नाही टाकलं, दुसऱ्या माणसाच्या हाताखाली ठेवलंय डोळे बरे होईपर्यंत."

"मग चांगलं झालं की काका."

"गुरुवारी तुमच्याच हॉस्पिटलात कापणार." मग आवाज उतरवून, "ताई, भीती वाटते. डोळा उघडा ठेवून कापतात म्हणे. तुम्ही त्या दिवशी फोनवर राहाल का? तुम्ही सांगाल तसं करतो मी."

"फोनवर नाही राहणार," आत्या म्हणाली.

"बरं ताई," काका म्हणाले.

"दारातच उभी असेन. आणि बुधवारी तुम्हाला आणायला मी येतेय, त्याच अँब्युलन्सने. या खेपेला ड्रायव्हर म्हणेल तर सायरनसुद्धा लावू."

उद्या बुधवार आहे. आत्याने बॅग भरलीय आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस मी आजवर बघितलं नाही, डोळा काकांचा आणि देव पाण्यात हिचे.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, रोज फोनवर "सगळं ठीक" म्हणणारं. आजी असेल, जुनी मैत्रीण असेल, दुसऱ्या ऑफिसातलं नुसतं आवाजाने माहीत असलेलं माणूस असेल. ते ठीक म्हणतात आणि आपण मान डोलावतो. जा, आणि त्यांच्यासमोर बसून या. पुढच्या सुटीत वगैरे नको. या आठवड्यातच जा.